नऊ दिवसांची रिबन

फुलं निवडायच्या ग्रेडिंग हॉलमध्ये दिवसभर गुलाबाची पानं ओरबाडली की टेबलाखाली पाल्याचा ढीग साचतो. संध्याकाळी झाडून काढला तरी सकाळी चपलेत एखादा काटा असतोच. आमच्या हॉलमधल्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला बसावं तर दुसरी टोचते. लोक म्हणतात, हौसाबाई, तुम्ही फुलात काम करता, मग फुलांचे किस्से सांगा की. फुलांचे काय सांगणार? फूल बोलत नाही. बाया बोलतात.

उर्श्याच्या टोलनाक्यापासून आत वळलं की आमची पॉलीहाऊसं लागतात. प्लास्टिकच्या छताखाली गुलाबच गुलाब. मी तिथं बावीस वर्षं आहे. शाळेत गेले नाही. औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, त्यामुळं मला 'विष' आधी वाचता आलं आणि स्वतःचं नाव नंतर.

आज सांगते ते सगळे किस्से एकाच पोटदुखीचे आहेत. ती पोटदुखी आमच्या संगीताची. माहेर कुरवंड्याचं, सासर वराळ्याचं, वय सव्वीस. अकरा वर्षं ती दुखण्यानं वाकत होती आणि अकरा वर्षं सगळे तिला 'काही नाही' असं सांगत होते. सासू तर येता-जाता म्हणायची: "माहेरी जा, बरी झालीस की ये." बरं कशातून व्हायचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

संगीता पहिल्या दिवशी कामाला आली ती पोट धरूनच. आमच्या टेबलावरची सगळ्यात तिखट बाई म्हणजे कमल. तिनं विचारलं, "काय गं, दुखतंय का?"

"दर महिन्याला दुखतं. लय दुखतं."

मग हात चालू ठेवून संगीतानं सगळं सांगितलं. नववीत असताना वर्गात कोसळली. लोणावळ्याला नेलं. अपेंडिक्स म्हणाले, काढलं. पुढच्या महिन्यात दुखणं हजर. "मग म्हनले गॅस. मग म्हनले अशक्तपणा. मग म्हनले लगीन झालं की थांबतं."

"झालं की लगीन."

"झालं. आता म्हनत्यात मूल झालं की थांबंल."

कमलनं हातातल्या फुलाचा दांडा पट्टीवर पन्नास सेंटिमीटरच्या खुणेला लावून बघितला आणि फूल जुडीत ठेवलं. "आनि मूल झाल्यावर काय सांगतील?"

"ते अजून न्हाई सांगितलं."

"मी सांगते. सून आली की थांबंल. तिला लागंल, तुजं सुटंल."

सगळा हॉल हसला. संगीताही हसली, पण हसताना तिनं टेबलाची कड काही सोडली नाही.

*

आमच्यात रोग शोधायचं एक वेगळं काम असतं, त्याला स्काउटिंग म्हणतात. त्यासाठी प्रत्येकीला झाडांची एकेक ओळ वाटून दिलेली. पान उलटून बघायचं. लाल कोळी नावाची बारीक कीड पानाच्या मागं बसते. वरून पान हिरवंगार दिसतं. वरून दिसायला लागलं तर समजायचं, उशीर झाला. कीड सापडली की त्या ओळीच्या खांबाला लाल रिबन बांधायची.

त्याच रिळातून आम्ही बाया एक तुकडा आमच्यासाठी कापतो. पाळीत दुखायला लागलं की ॲप्रनच्या नाडीला बांधायचा. मग त्या बाईला पाण्यानं भरलेली बादली कुणी उचलू द्यायची नाही. दुखणं संपलं की रिबन सोडायची. ही रीत कुणी काढली माहीत नाही. बहुतेक मीच.

तर नवे सुपरवायझर साहेब आले. शेतकी कॉलेजातून ताजे निघालेले. हुशार, सरळ, सगळं लिहून ठेवणारे. पहिल्याच सकाळी त्यांना कमलच्या नाडीला रिबन दिसली.

"मावशी, तुमच्या ओळीत सापडलं का?"

कमलनं एकदा माझ्याकडं बघितलं. "व्हय. सकाळीच."

"प्रादुर्भाव किती?"

"पहिला दिवस हाय साहेब. लय हाय."

साहेबांनी स्काउटिंगच्या रजिस्टरात लिहिलं: कमल, ओळ सात, तीव्र. आणि वर हुकूम काढला की जिच्या नाडीला रिबन असेल तिनं बादल्यांना हात लावायचा नाही, कीड पसरते. आता सांगा, असल्या माणसाला कोण दुरुस्त करणार? आम्ही आठ महिने गप्प बसलो. साहेब रोज रिबनी मोजून रजिस्टर भरत राहिले.

आठव्या महिन्यात ते रजिस्टर घेऊन माझ्याकडं आले. कपाळाला आठ्या. "मावशी, एक कळत नाही. बाकीच्या ओळी दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतात. संगीताची ओळ तीन दर महिन्याला नऊ-नऊ दिवस का चालते? मी तिथं तीनदा निंबोळी अर्क मारला."

सगळ्या बायांनी माना खाली घातल्या, हसू दाबायला. मी पण घातली. मग मात्र माझं हसू गेलं. पान उलटून बघायला मी पंधरा जणींना शिकवलं होतं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीची रिबन नऊ दिवस सुटत नाही हे मला त्या कोऱ्या माणसाकडून कळत होतं.

ओळ तीनची फुलं मात्र त्या वर्षी फार देखणी निघाली.

*

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी संगीताला सगळ्यांदेखत विचारलं. कीड एका पानावर थांबत नाही, शेजारचं पानही बघावं लागतं, एवढंच माझं शास्त्र.

"संगे, रिबन पाळीच्या आधीच बांधतीस का?"

"चार दिस आधी. तवापासनंच दुखतं."

"संडासला बसताना?"

"पाळीत लय. सुरी फिरवल्यागत."

"नवऱ्याजवळ असताना?"

कमलचा भाकरीचा घास हातातच राहिला. संगीतानं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "मावशी, हे मला आजपतुर कुनीच इचारलं न्हवतं."

"मी इचारतीया."

"दुखतं. मी सांगत न्हाई त्यास्नी."

आमच्या ध्यानातच नव्हतं की साहेब मागच्या टेबलावर डबा खात बसलेत. ते उठले, म्हणाले, "मी जरा कोल्ड स्टोरेज बघून येतो," आणि गेले. आत चार डिग्री असतं. माणूस पाऊण तास बाहेर आला नाही.

आले तेव्हा नाक लाल. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, म्हणजे ओळ तीन..."

"व्हय."

"आणि ओळ सात?"

"ती पन."

"मी मालकांना रिपोर्ट पाठवलाय. आलेखासकट."

"चांगला काढला आसंल."

त्यांनी रजिस्टर छातीशी धरलं. "हे फाडून टाकू का?"

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले. "पोरीबद्दल आजवर कुनी काय लिवलंय ते एवढंच हाय."

*

संगीताचा नवरा दिलीप. वराळ्याच्या बाजूला कंपनीत मशीनवर आहे. वाईट नाही, घाबरट आहे. एकदा तिला न्यायला गेटवर आला तेव्हा मी त्याला गाठलं.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "मावशी, सोनोग्राफी केली न आमी. ही बघा. नॉर्मल हाय." मुलगा पास झाल्यासारखं तोंड.

"बरं झालं. रिपोर्ट नॉर्मल हाय. आनि बायकू कुटं हाय?"

त्यानं हॉलकडं बघितलं. "आत हाय न."

"आत कुटं?"

दारातून दिसत होतं. संगीता खोक्यांच्या पुठ्ठ्यावर आडवी, गुडघे पोटाशी. दिलीपनं कागदाची घडी घातली. एकदा घातली, दोनदा घातली, बोटाएवढी होईपर्यंत घालत राहिला.

"डाक्टरच म्हनले टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला.

"मग? घेतलंस का न्हाई?"

"लय घेतलं, मावशी."

*

रविवारी मी वराळ्याला गेले. संगीताची सासू पारूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्याच वयाची. आवाज माझ्यापेक्षा मोठा, हे मी सहसा कबूल करत नाही.

"बसा," ती म्हणाली. "सुनंची वकिली करायला आलायसा जनू."

"व्हय."

"आमी काय बाया न्हवतो? लावणीला गुडघाभर चिखलात हुबं राहून मी पाळी काढली. शेजारच्या बाईला पत्ता न्हाई लागला."

"दुखत न्हवतं?"

"दुखत न्हवतं कसं? तोंडात पदर कोंबायचे."

"लय दिस?"

"मोजले न्हाईत." तिची बोटं तांदळात थांबली, पुन्हा चालायला लागली. "सगळ्यांचं तसंच आसतं."

"सगळ्यांचं न्हाई, पारूबाई. आमी पंधरा बाया. चौदा जनींची रिबन तिसऱ्या दिशी सुटती."

"कसली रिबन?"

मी सगळं सांगितलं. पारूबाई ऐकत होती, आणि तिचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं.

"त्यो सायेब लिवून घेतो?"

"तारखेसकट."

"बाप्या मानूस?"

"बाप्या मानूस. वर औषद मारतो."

पारूबाई इतकी हसली की सूप उपडं झालं आणि तांदूळ अंगणभर. कोंबड्यांनी त्या दिवशी आम्हा दोघींना दुवा दिला असेल. डोळे पुसत ती म्हणाली, "जा घिऊन तिला डाक्टरकडं. पन हौसाबाई, ह्या खेपंला बी काय न्हाई निघालं तर ती लोणावळ्यावरनं सरळ कुरवंड्याला जाईल. हितं न्हाई."

हसता हसता सांगितलं, पण सांगितलं.

*

आमची फुलांची गाडी रोज मुंबईला विमानतळावर जाते. ड्रायव्हर भाऊंनी आम्हा दोघींना केबिनमध्ये घेतलं आणि लोणावळ्यात उतरवलं. माझ्या पिशवीत साहेबांचं रजिस्टर. तिथं एक डॉक्टरबाई बसतात, बायांचं ऐकून घेतात असं कानावर होतं.

डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतं?"

"सत्तर," संगीता म्हणाली.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "दहापैकी सांगायचं."

"दहात बसत न्हाई ते."

मी मध्ये पडले. सांगितलं की आमच्याकडं फुलाचा दांडा पट्टीला लावून मोजतात. चाळीसचं फूल गावच्या बाजारात, पन्नासचं पुण्याला, साठचं मुंबईला. "दहाचं फूल म्हंजी मोडकं. ते आमी टेबलाखाली टाकतो."

"आणि सत्तरचं?"

"ते परदेशी जातं."

डॉक्टरबाईंनी फाइलीत सत्तर लिहिलं. खोडलं नाही, मी बघत होते.

मग मी रिबनीची रीत सांगितली आणि रजिस्टर पुढं केलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं: "संगीता, ओळ तीन. दिवस पहिला, मध्यम. दिवस चौथा, तीव्र. दिवस सहावा, अतितीव्र. उपाय: निंबोळी अर्क. परिणाम: नाही." त्यांना हसू आवरेना. पान उलटलं, पुढचा महिना. अजून एक. पाचव्या महिन्याला त्यांचं हसू थांबलं. आठही महिने त्यांनी बोट ठेवून वाचले.

"अकरा वर्षांत इतके डॉक्टर झाले," त्या म्हणाल्या, "आणि नीट नोंद कुणी ठेवली, तर गुलाबवाल्यांनी."

मी जेवताना विचारलं होतं तेच सगळं त्यांनी विचारलं. तपासलं. मग म्हणाल्या, "सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असं नसतं. हा आजार पुष्कळदा तिथं दिसत नाही. ऐकून ओळखायचा असतो." आणि त्यांनी नाव सांगितलं: एंडोमेट्रिओसिस.

मला वाटलं पोरगी रडेल. संगीतानं ते नाव कागदावर लिहून मागितलं, दोनदा पुटपुटली आणि हसली. "नाव हाय म्हंजी त्याला. मला वाटलं नुस्तं माजंच हाय."

*

हॉलमध्ये सगळ्यांना समजावायचं काम माझ्याकडं आलं. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच काही पिशवीच्या बाहेर रुजतं. दर महिन्याला तेही सुजतं, त्यातून रक्त सुटतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. "गुलाबाची काडी वाफ्यात लावली आनि ती जाऊन पान्याच्या पाइपला रुजली, असं धरा," मी म्हणाले. कमल म्हणाली, "मग पाइप बोंबलनारच."

मग मी साहेबांना सांगितलं, आपल्याकडं फुलाचा तक्ता भिंतीला आहे, तसा बायांचाही पाहिजे. मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. दुखण्यापायी शाळा नाहीतर काम बुडतं का? गोळी खाऊन थांबत नाही का? पाळीच्या आधीच सुरू होतं का? संडासला, लघवीला, नवऱ्याजवळ दुखतं का? यातलं एकही दर महिन्याला होत असेल तर डॉक्टरकडं जायचं. 'काही नाही' म्हणाले आणि दुखणं थांबलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"खाली मोठ्या अक्षरात घाला. लग्न हे औषध नाही. मूल हे पण औषध नाही."

साहेबांचे कान लाल झाले, पण मोठ्या अक्षरात घातलं. कागदाला प्लास्टिक चढवून तो तक्ता दांडे मोजायच्या पट्टीशेजारी लावला.

पुढच्याच आठवड्यात परदेशातले फूल घेणारे पाहुणे आले. त्यांनी पट्टीचा फोटो काढला, कोल्ड स्टोरेजचा काढला आणि या तक्त्याचाही काढला. एकानं बोट दाखवून काहीतरी विचारलं. साहेब जराही न अडखळता म्हणाले, "क्वालिटी कंट्रोल, सर."

पाहुण्यांनी मान डोलवली. व्हेरी गुड म्हणाले.

*

आता शेवटचा. डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी संगीताचं दुखणं तीन महिन्यांत बरंच कमी झालं, पुरतं नाही. म्हणून तळेगावला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. पारूबाई डबा घेऊन आली. कर्तव्य म्हणून आले, असं तिनं मला दोनदा सांगितलं.

ऑपरेशन झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी चकचकीत कागदावरचे फोटो दाखवले. लालसर आतडं, त्यावर काळपट डाग, आणि एका जागी सगळं एकमेकाला चिकटलेलं. पारूबाईनं फोटो उजेडाकडं धरला. "हे हिच्या पोटात व्हतं?"

"बरीच वर्षं होतं, आजी."

"आनि ही तसंच भाकऱ्या थापत व्हती?"

पारूबाईनं बराच वेळ फोटो खाली ठेवला नाही. मग विचारलं, "ह्यो आमाला मिळंल का?"

आठ दिवसांनी तिचा फोन. "हौसाबाई, या. मला एकटीला दाखवता यायचं न्हाई. डाग कंचा, आतडं कंचं, तुमाला कळतं." मी गेले. संगीता आत झोपून होती, दिलीप तिला पेज देत होता. पारूबाईनं नवं लुगडं नेसलेलं, फोटो प्लास्टिकच्या फाइलीत. म्हणाली, "ह्या आळीत मी घरोघर सांगितलंया की माजी सून नखरं करती. ज्या घरात सांगितलं त्या सगळ्या घरात जायाचं."

आणि आम्ही गेलो. लग्नाची पत्रिका द्यायला जातात तसं. उंबऱ्यात उभं राहायचं, फाइल उघडायची. पारूबाई म्हणायची, "ह्यो बघा माज्या सुनंचा नखरा." मी बोट ठेवून दाखवायची. पहिल्या घरात बाईनं जावेलाही बघायला बोलावलं, दुसऱ्या घरात पाणी दिलं. तिसऱ्या दारात एका म्हातारीला वाटलं, बाळाचा फोटो आहे. तिनं लांब धरून, जवळ धरून बघितला. "गोड हाय. कुनावर गेलंय?"

"सासूवर," पारूबाई म्हणाली. "सोडत न्हवतं."

शेवटचं घर आळीच्या टोकाला. घरातली सून चुलीपाशी होती, आम्हाला बघून तिनं चहाचं आधण ठेवलं. पारूबाईनं फाइल उघडली, नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि तिचं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडं गेलं. तिथं चटईवर तेरा-चौदा वर्षांची पोरगी, अंगात शाळेचा ड्रेस, गुडघे पोटाशी, तोंडात ओढणीचा बोळा.

"आमच्या पोरीचं काय न्हाई वो आत्या," सून म्हणाली. "दर म्हैन्याचंच हाय. शाळंला दांडी मारायला निमित्त."

पारूबाईनं फाइल मिटली आणि माझ्या हातात दिली. आत जाऊन पोरीपाशी उकिडवी बसली. तोंडातला बोळा काढला.

"चपला कुटं हायत तुज्या?"

पोरीनं दाराकडं बोट केलं. पारूबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेली, वाकून त्या चपला उचलल्या आणि आणून पोरीच्या पायाशी ठेवल्या.

"घाल."

"आत्या," सून चुलीपासून म्हणाली, "चहा झालाया."

"झाकून ठेव," पारूबाई म्हणाली.